रेव्हरंड टिळक आणि ईश्वरी संकेत

ईश्वरी संकेत म्हटला की साक्षात्कार, नाही तर आकाशवाणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. नारायण वामन टिळकांना तो लाभला आगगाडीच्या डब्यात. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी संभाषण केले व निरोप घेताना 'नवा करार' हाती ठेवला. टिळकांनी तो वाचावयास घेतला केवळ दिलेल्या शब्दाखातर. परंतु गिरिप्रवचनापाशी येताच त्यांना पुस्तक मिटवेना. तरीही त्यांनी घाई केली नाही. चिंतनात व प्रार्थनेत दीड-दोन वर्षे गेल्यावर, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयाची किंमत मोजली ती लक्ष्मीबाईंनी. पती हयात असता पदरी लहान मूल घेऊन त्यांना आप्तांच्या आश्रयाने दिवस कंठावे लागले. पतीस जो स्वर मृदू भासला, तो पत्नीच्या संसारावर वीज होऊन कोसळला, हे टिळकांचा गौरव करताना विसरता येत नाही. टिळकांनी धर्मांतराची सक्ती मात्र कधी केली नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. जातिभेद ईश्वराने निर्मिलेला नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१७ मध्ये अंतःप्रेरणेस अनुसरून टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ साली ते निवर्तले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी.