थेंबाची वाट पाहणारा अभियंता

परसबागेत वांगी-टोमॅटोच्या मुळाशी थेंब सोडणाऱ्या नळीचे श्रेय सिम्खा ब्लास यांच्याकडे जाते. १८९७ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या या जलअभियंत्यास १९३०च्या दशकात पॅलेस्टाईनमध्ये गळक्या नळाशेजारचे एकच झाड विलक्षण वाढलेले दिसले. कल्पना रुजली, परंतु स्वस्त प्लॅस्टिक नव्हते, आणि नेगेव्ह वाळवंटाकडे पाणी नेण्याच्या योजनांनी उमेदीची वर्षे व्यापली. १९५६ मध्ये पद सोडल्यावरच ते थेंबाकडे वळले. अधिकार टिकता, तर थेंब कदाचित राहूनच जाता. बारीक छिद्रे कचऱ्याने बुजतात. म्हणून पुत्र येशायाहू यांच्यासह त्यांनी पाणी लांब, वळणदार वाटेने नेले व घर्षणाने त्याचा वेग मंदावला. १९६५ मध्ये हत्झेरिम या सामूहिक वसाहतीशी करार होऊन उत्पादनाचा मार्ग खुला झाला. १९८२ मध्ये ब्लास निवर्तले.