डॉक्टर केरी व त्यांचे कुटुंब

डॉक्टर विल्यम केरी हे नाव आपल्या मंडळ्यांस नवे नाही. बंगाल्यातील श्रीरामपूर (आपल्या नगरकडील नव्हे) येथे त्यांनी छापखाना चालविला, पवित्र शास्त्राची भाषांतरे केली, मोठे विद्यालय स्थापिले, हे आपण शब्बाथशाळेत ऐकलेले आहे. परंतु ज्या दिवशी ते स्वदेश सोडून निघाले, त्या दिवशी ते जहाजावर एकटे नव्हते. त्यांची पत्नी, चार मुले व मेहुणी अशी सहा माणसे त्यांजबरोबर होती. पाचारण एकाला झाले आणि प्रवास साऱ्या घराला घडला. त्या घराची हकीकत बहुतेक चरित्रांत दोनचार ओळींत आटोपलेली असते. ती आज थोडी सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

विल्यम केरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप विणकर होता, पुढे तो गावच्या शाळेचा पंतोजी झाला. मुलाला चांभारकी शिकण्यास ठेविले. ता. १० जून १७८१ रोजी पिडिंग्टन येथील डोरोथी प्लॅकेट ह्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. नवरा वीस वर्षांच्या आतला, वधू त्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून लग्नाच्या वहीत तिने सहीच्या जागी खूण केली. आपल्या खेड्यांतील आयाबायांस हे वाचून तिच्याविषयी आपलेपणा वाटेल. ती साधी, कष्टाळू, जन्मगावाच्या आसपास वाढलेली बाई होती. संसारात दारिद्र्य होते. दोन लहान मुली इंग्लंडातच वारल्या, त्यांचे दुःख तिने गिळले होते.

पुढे केरी मोल्टन येथील मंडळीचे पाळक झाले. मंडळीचे वेतन इतके थोडे की, त्यांस शाळाही चालवावी लागे आणि जोडेही शिवावे लागत. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी पृथ्वीचा एक मोठा नकाशा चिकटविला होता. त्यावर निरनिराळ्या देशांतील लोकसंख्या व धर्म ह्यांची टाचणे लिहिलेली असत. हातात आरी आणि डोळ्यांपुढे सारे जग, अशी त्यांची स्थिती होती. १७८९ साली ते लेस्टर येथील मंडळीत गेले. परराष्ट्रांत सुवार्ता नेणे हे मंडळीचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यांनी १७९२ साली छापिला, आणि त्याच वर्षी ता. २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे एका विधवा बाईच्या घरी काही गरीब पाळकांनी मिळून मिशनरी संस्था स्थापिली. त्या दिवशी जी वर्गणी कबूल झाली, ती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स इतकी होती.

जानेवारी १७९३ मध्ये बंगाल्यात राहून आलेले डॉक्टर जॉन टॉमस ह्यांजबरोबर केरी ह्यांना पाठवावे असा ठराव केटरिंग येथे झाला. लेस्टरच्या घरी डोरोथीबाईंना तो मागाहून कळला. त्यांनी जाण्यास साफ नकार दिला. ह्या नकाराबद्दल पुष्कळ लेखकांनी त्यांस दोष दिला आहे. पण त्या वेळची परिस्थिती पाहा. त्या गरोदर होत्या, दिवस भरत आले होते. पदरी तीन लहान मुलगे. फेब्रुवारीत फ्रान्स व इंग्लंड ह्यांमध्ये लढाई जुंपली होती, म्हणून समुद्रात शत्रूच्या जहाजांची भीती. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही, तिकडे गेल्यावर वेतनाची शाश्वती नाही, आणि बहुधा पुन्हा परत येणे नाही. ज्या बाईने ह्या सर्वांचा विचार केला ती अविश्वासी म्हणावयाची की शहाणी, हे वाचकांनीच ठरवावे.

शेवटी केरी ह्यांनी थोरला मुलगा फेलिक्स एवढा बरोबर घेऊन निघण्याचे ठरविले, व डोरोथीबाई धाकट्या मुलांसह पिडिंग्टनला माहेरच्या माणसांजवळ राहिल्या. परंतु देवाची योजना निराळी होती. परवाना नसल्यामुळे व टॉमस ह्यांच्या जुन्या कर्जाच्या भानगडीमुळे वाइट बेटाजवळ बापलेकांस जहाजावरून उतरावे लागले. ते पिडिंग्टनला आले तेव्हा डोरोथीबाईंच्या कुशीत काही आठवड्यांचे बाळ, जेबेझ, होते. केरी ह्यांनी पुन्हा विनविले. त्या नाहीच म्हणाल्या. मग टॉमस एकटे परत आत गेले आणि कुटुंबाची कायमची ताटातूट होईल व त्यांस जन्मभर पस्तावा करावा लागेल, असे त्यांनी बजाविले. तेव्हा त्या तयार झाल्या, पण एक अट घातली: बहीण किटी बरोबर आली पाहिजे. किटी कबूल झाली. जे काही सामान होते ते विकून व बांधून घाईघाईने निघावे लागले. भाड्याचा पैसा पुरेना, म्हणून टॉमस व किटी हे चाकरमाणसे म्हणून जहाजावर चढले. कप्तान भला होता, त्याने सर्वांस सारखे वागविले. १३ जून १७९३ रोजी डेन्मार्कच्या एका जहाजाने ही मंडळी डोव्हरहून निघाली.

जवळजवळ पाच महिने समुद्रावर गेले. ता. ११ नोव्हेंबर रोजी ते कलकत्त्यास पोहोचले. बरोबर आणलेला पैसा व माल ह्यांचा कारभार टॉमस ह्यांजकडे होता; तो थोड्याच काळात संपला. केरी कुटुंबास ह्या घरातून त्या घरात हिंडावे लागले. डोरोथीबाई व थोरली मुले रक्तीआवेने आजारी पडली. अखेर माणिकतळा येथे एका हिंदू सावकाराने दया करून लहानसे घर राहावयास दिले. स्वधर्मीयांनी दार उघडले नाही, त्या वेळी परधर्मीयाने उघडले, ही गोष्ट आपण विसरू नये.

१७९४ च्या फेब्रुवारीत केरी कुटुंबासह होडीतून सुंदरबनाकडे गेले. तेथे जमीन फुकट मिळेल व शेती करून पोट भरता येईल अशी आशा होती. जंगलात वाघांचा सुळसुळाट, आणि ओळखीचे माणूस एकही नाही. हसनाबादेजवळ कंपनीच्या मिठाच्या खात्यातील चार्ल्स शॉर्ट नावाच्या अधिकाऱ्याने ह्या अनोळखी कुटुंबाला आपल्या बंगल्यात घेतले व हवे तितके दिवस राहण्यास सांगितले. त्यांचे उपकार फार. परंतु ह्याच घरी डोरोथीबाईंचा मोठा आधार सुटला. शॉर्ट ह्यांनी किटीला मागणी घातली व पुढे त्यांचे लग्न झाले. त्यात किटीचा काहीच अपराध नव्हता. परंतु ज्या एका अटीवर डोरोथीबाईंनी देश सोडला होता, ती अट वर्षही न भरता मोडली.

त्याच वर्षी जून महिन्यात केरी ह्यांना उत्तर बंगाल्यात माल्द्याच्या बाजूला मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची जागा मिळाली. महिना दोनशे रुपये पगार. केरी ह्यांना हायसे वाटले; दिवसा कारखाना पाहावा, मुनशी रामराम बसू ह्यांजपाशी बंगाली शिकावी, रयतेला सुवार्ता सांगावी, रात्री भाषांतर करावे. पण तो प्रदेश दलदलीचा, तापाचा. ऑक्टोबर महिन्यात पाच वर्षांचा पीटर आवेने वारला. केरी स्वतः तापातून नुकते उठलेले. लेकराची खाच खणण्यास, त्याला उचलण्यास कोणी पुढे येईना. जातीबाहेर पडण्याची भीती प्रत्येकाला. मोठ्या मिनतवारीने चार मुसलमान खाच खणण्यास तयार झाले. त्या आईजवळ त्या दिवशी बसावयास बहीण नव्हती, शेजारीण नव्हती, मंडळी नव्हती, आणि तिची भाषा समजेल अशी एकही बाई नव्हती.

ह्यानंतर डोरोथीबाईंचे मन बिघडले. १७९५ सालापासून त्यांस भ्रम होऊ लागला; नवरा आपल्याशी एकनिष्ठ नाही असे वाटून त्या चारचौघांत आक्रोश करीत. पुढे दुखणे इतके वाढले की, त्यांना खोलीत बंद ठेवावे लागे. त्या काळी अशा दुखण्यावर औषध ठाऊक नव्हते. वेड्यांच्या इस्पितळात पाठवा असा सल्ला मित्रांनी दिला, परंतु तेथील हाल जाणून केरी ह्यांनी तो मानिला नाही व त्यांस घरीच सांभाळिले. शेजारच्या खोलीत पत्नीचा आक्रोश चालू असावा आणि ह्या खोलीत केरी ह्यांनी पंडितासह भाषांतर करीत असावे, असे कित्येक वर्षे चालले. मुले मात्र उनाड झाली. बापाला वेळ नाही, आईला शुद्ध नाही. त्यांना वळण कोण लावणार?

१० जानेवारी १८०० रोजी केरी श्रीरामपुरास आले. ते डेन्मार्कच्या ताब्यातील गाव होते, म्हणून तेथे कंपनीची मनाई लागू नव्हती. इंग्लंडाहून नुकतेच आलेले मार्शमन, वॉर्ड व इतर ह्यांची कुटुंबे आणि केरी ह्यांचे कुटुंब अशी सर्व मिळून एकत्र राहू लागली. एक स्वयंपाकघर, एक पंगत, एक थैली. जो जे मिळवील ते सर्वांचे. दर शनिवारी सायंकाळी एकत्र बसून मनातील रुसवेफुगवे मोकळे करावयाचे, असा नियम होता. हॅना मार्शमनबाईंनी केरींच्या मुलांना आईप्रमाणे जवळ केले. वॉर्ड ह्यांनी छापखान्यात थोरल्याला हाताशी धरिले. जी मुले वाया गेली असे वाटत होते, ती ह्या पंगतीत माणसांत आली. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पात्रात कृष्ण पाल ह्या सुताराचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांच्या श्रमांचे ते पहिले फळ. त्याच घटकेला त्याच पाण्यात फेलिक्स केरीनेही बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी त्याची आई मात्र बंद खोलीत होती.

पुढील कार्य सर्वश्रुत आहे. १८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी ह्यांची नेमणूक झाली, व तेथला पगार ते मिशनच्या थैलीत घालीत. आपणा मराठी लोकांवरही त्यांचे ऋण आहे. त्या कॉलेजात ते बंगाली व संस्कृत ह्यांबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण व १८१० साली मोडी लिपीत मराठी कोश प्रसिद्ध केला. १८११ साली मराठी नवा करार निघाला. त्यातील भाषा सदोष होती, आणि मुंबईच्या मिशनऱ्यांना पुढे नवे भाषांतर करावे लागले. तरी शेत प्रथम नांगरणाऱ्याचा मान नांगरणाऱ्यासच आहे. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्यास आग लागून पुष्कळ हस्तलिखिते जळाली. तीही त्यांनी पुन्हा लिहावयास घेतली. १८१८ साली श्रीरामपूर विद्यालय स्थापन झाले.

डोरोथीबाई ८ डिसेंबर १८०७ रोजी तापाने वारल्या व श्रीरामपुरास मातीआड झाल्या. बारा वर्षे त्यांनी त्या अंधारात काढिली. पुढे केरी ह्यांनी पुनर्विवाह केला, व ९ जून १८३४ रोजी ते प्रभूकडे गेले. मुलांपैकी फेलिक्स ब्रह्मदेशात, विल्यम बंगाल्यातील काटवा येथे व जेबेझ मलाक्कापलीकडील अंबोयना बेटात सुवार्तेच्या कामास गेले. पिडिंग्टनला आईच्या कुशीत ज्याला पाहून केरी ह्यांचे पाय अडखळले, तोच जेबेझ पुढे दूरच्या बेटावर पाठविला गेला.

आता ह्या हकीकतीतून काय घ्यावे? कित्येक म्हणतात की, डोरोथीबाई केरी ह्यांच्या मार्गातील धोंडा होत्या. हे म्हणणे न्यायाचे नाही. अब्राहाम ऊर शहर सोडून निघाला, त्याच्या विश्वासाची वाखाणणी आपण करितो. पण दर मुक्कामाला तंबूतील चूल पुन्हा मांडली ती सारेने. डोरोथीबाईंनी वर्गणी दिली नाही, भाषण केले नाही. त्यांनी आपला देश, बहीण, लेकरू आणि शेवटी शुद्ध दिली. श्रीरामपूरच्या कामाचा हिशेब मांडताना ही रक्कम वहीत धरली पाहिजे.

दुसरे असे की, केरी ह्यांचे पाचारण खरे होते ह्याबद्दल शंका नको. फळांवरून ते सिद्ध झाले. परंतु पाचारण खरे असले म्हणजे घाई योग्य ठरते असे नाही. संस्थेने पैसा मोजला, जहाज पाहिले, ठराव केला. आणि ज्या बाईने मुलांना उचलून जहाजावर चढावयाचे, तिला सर्वांच्या शेवटी विचारिले. आपल्या मंडळ्यांच्या सभांतही पाळकाच्या बदलीचे ठराव होतात. त्या वेळी पाळकीणबाईंचे मन कोणी विचारून पाहतो काय? तिची आई म्हातारी असेल, मूल आजारी असेल, नव्या गावी पाणी लांब असेल. हे विचारल्याने देवाचे काम मागे पडत नाही.

तिसरी गोष्ट पंचांनी व मंडळीतील बहिणींनी ध्यानात घ्यावी. मदनावती व श्रीरामपूर ह्या दोन ठिकाणी माणसे तीच, दुःख तेच, देवही तोच होता. मदनावतीस घर एकटे होते, म्हणून ते खचले. श्रीरामपुरास घराला दुसरी घरे लागून होती, म्हणून निदान मुले तरली. डोरोथीबाईंकरिता तो आधार पाच वर्षे उशिरा आला. तेव्हा तुमच्या गावी नवे पाळकाचे कुटुंब बैलगाडीने येवो की मोटारीने, त्या पहिल्या दिवशी कोणीतरी घागर भरून ठेवावी, भाकरी नेऊन द्यावी, लेकरांना अंगणात घ्यावे. उपदेश कसा आहे ते रविवारी कळेलच. पण पाळकीणबाईंस सोमवारी कोणाच्या ओट्यावर टेकावयास जागा मिळाली, ह्याची चौकशी आधी व्हावी.