ठिणगीचा कारागीर : चार्ल्स टेलर

विमानाचा शोध कोणी लावला असे विचारले तर शाळेतला लहान मुलगाही राइट बंधूंचे नाव सांगेल. पण त्या पहिल्या विमानाचे इंजिन कोणाच्या हातून घडले, हे मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते. तो मान चार्ल्स एडवर्ड टेलर यांचा.

टेलर यांचा जन्म 24 मे 1868 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि एका वृत्तपत्राच्या कचेरीत निरोप्याचे काम सुरू झाले. पुढे यंत्रकाम हाताशी आले. जून 1901 मध्ये डेटन गावच्या राइट बंधूंनी त्यांना आपल्या सायकलच्या दुकानात आठवड्याला 18 डॉलर पगारावर ठेवले. मालक ग्लायडरच्या प्रयोगांसाठी किटी हॉकला जात, तेव्हा दुकान टेलर सांभाळीत.

1902 च्या अखेरीस बंधूंना हलके इंजिन हवे होते. ते बनवून द्यायला कोणताही कारखाना तयार होईना. तेव्हा काम टेलर यांच्याकडे आले. त्याआधी पेट्रोल इंजिनाशी त्यांचा संबंध म्हणजे एकदा एक दुरुस्त करण्याची खटपट, एवढाच! हाताशी लेथ, ड्रिल आणि साधी हत्यारे. पूर्ण आराखडा नव्हताच. कागदाच्या कपट्यावर एकेका भागाचे चित्र काढायचे, ते बाकासमोर टाचायचे आणि कामाला लागायचे. सुमारे 100 पौंडी पोलादी पाटातून ड्रिल, छन्नी-हातोडा आणि लेथ वापरून त्यांनी क्रँकशाफ्ट कोरून काढला. तयार झाला तेव्हा तो 19 पौंडांचा होता. सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले.

आता ठिणगीकडे वळू, कारण इंजिनाचा प्राण तिथेच असतो. या इंजिनात स्पार्क प्लग नव्हता. प्रत्येक सिलिंडरच्या आतच दोन पॉइंट असत. ते एकमेकांना टेकत आणि झटक्याने विलग होत, त्या क्षणी ठिणगी पडे. सुरू करताना सुक्या बॅटऱ्या जोडायच्या, मग मॅग्नेटोवर घ्यायचे. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो, म्हणून बॅटरीचे ओझे विमानावर न्यावे लागले नाही. बटण तर हार्डवेअरच्या दुकानातले साधे! फेब्रुवारी 1903 मध्ये चाचणीत इंजिनाचे बाहेरचे कवच तडकले, तेव्हा नवे ओतून घ्यावे लागले. 17 डिसेंबर 1903 रोजी सुमारे 12 अश्वशक्तीच्या याच इंजिनाने विमान उचलले. सर्वांत लांब उड्डाण 59 सेकंदांचे झाले. टेलर त्या वेळी डेटनलाच होते.

आपल्यापैकी जे तंत्रशिक्षण घेत आहेत त्यांनी एक गोष्ट पाहावी. आजही पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांत मॅग्नेटोच असतो. मात्र एक नव्हे, दोन, आणि दर सिलिंडरला दोन प्लग. एक बंद पडला तरी दुसरा इंजिन चालवतो. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात ते पाहतो. साधारण 500 तासांनी मॅग्नेटो उघडून पॉइंटची झीज, त्यांतील फट, कॉइल, बेअरिंग तपासण्याची शिफारस असते. आणि बटणाकडून मॅग्नेटोला जाणारी तार तुटली, तर बटण बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. अशा वेळी कोणी सहज पंखा हाताने फिरवला तर इंजिन एकदम उसळू शकते. या तारेची तपासणी म्हणूनच जिवाची गोष्ट मानतात.

1911 साली कॅल रॉजर्स यांनी तुकड्यातुकड्यांनी अमेरिका ओलांडली. वाटेत विमान वारंवार पडे, मोडे. रेल्वेतून मागोमाग येणारे टेलर आणि इतर मेकॅनिक ते पुन्हा उभे करीत.

उत्तरायुष्य मात्र हलाखीचे गेले. 1928 मध्ये ते कॅलिफोर्नियाला गेले. तिथे जमिनीच्या व्यवहारात पैसा बुडाला. पुढे एका विमान कारखान्यात ते तासाला 37 सेंटवर यंत्रकाम करीत, आणि शेजारच्या कामगारांना त्यांचा इतिहास ठाऊक नव्हता! 1937 च्या सुमारास हेन्री फोर्ड यांनी राइट बंधूंचे दुकान पुन्हा उभारण्यासाठी त्यांना शोधून बोलावले. ऑर्व्हिल यांनीही मृत्युपत्रात त्यांना वर्षाला 800 डॉलरची नेमणूक ठेवली. तरीही 1955 मध्ये ते लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयाच्या धर्मादाय कक्षात आढळले. विमान व्यवसायातील लोकांनी वर्गणी जमवून त्यांना चांगल्या ठिकाणी हलवले. 30 जानेवारी 1956 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी ते वारले. ऑर्व्हिल 1948 मध्ये गेले, तीही 30 जानेवारीच होती.