हळदोण्याचे चिक चॉकलेट

पेनरोज, ऑकलंड : ‘अलबेला’च्या गाण्यांचे श्रेय सी. रामचंद्रांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या संगीतातील जॅझचा डौल आठवताना अंतोनियो झेवियर वाझ हे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते.

वाझ यांचा जन्म १९१६ मध्ये बार्देशातील हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकविली जाई. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर वादक मुंबईला आले. वाझ यांनी ट्रम्पेट हाती घेतला, लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले आणि चिक चॉकलेट या नावाने ताजमहाल हॉटेलात स्वतःचा वाद्यवृंद गाजविला.

रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती कागदावर उतरवायची, तिच्याखाली कॉर्ड बसवायचे, गिटारला ठेका द्यायचा, बासरीने कोठे उत्तर द्यावे आणि गायकासाठी कोठे गप्प बसावे हे ठरवायचे, हे सारे अरेंजरकडे असे. हे लेखनिकाचे काम नव्हेच. मींडेवर तोललेली चाल चुकीच्या कॉर्डखाली चिरडून जाते.

वाझ यांनी सी. रामचंद्र आणि मदनमोहन यांचे साहाय्यक म्हणून काम केले. श्रेयनामावलीत अशा माणसांना एवढेच बिरुद मिळे. १९५१ च्या ‘अलबेला’त मात्र ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच झळकले, इतर बहुतेक अरेंजरांच्या नशिबी तेही नव्हते.

१९६७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वय जेमतेम पन्नाशीचे होते.