व्हेरिएबलचा हिशोब ठेवणारी एडा

पीएचपीत वेबपेज लिहिताना व्हेरिएबल आधी डिक्लेअर करावं लागत नाही. नाव लिहिलं की काम सुरू! सबमिशनच्या आदल्या रात्री ही सोय फार गोड वाटते. पण जिला जग पहिली प्रोग्रामर म्हणतं, त्या एडा लव्हलेसने १८४३ सालीच प्रत्येक व्हेरिएबलचा चोख हिशोब मांडला होता. तिच्याविषयी वाचल्यापासून मी माझ्या कोडकडे वेगळ्या नजरेने बघतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनला झाला. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. पोर जेमतेम महिन्याची असताना आईवडील वेगळे झाले. वडील तिला पुन्हा कधी दिसले नाहीत. त्यांचा लहरीपणा मुलीत उतरू नये म्हणून आईने तिला गणिताला जुंपलं. १८२९ मध्ये गोवराने ती अंथरुणाला खिळली, पुढे कुबड्या आल्या, पण अभ्यास सुटला नाही. विद्यापीठाची दारं तेव्हा मुलींना बंद होती. घरी येणारे शिक्षक आणि पत्रव्यवहार हेच तिचं कॉलेज. डिजिटलच्या पेपरात ज्यांचा थिअरम आपण घोकतो, ते डी मॉर्गन तिला पुढे शिकवायला होते.

१८३३ मध्ये तिला चार्ल्स बॅबेज भेटले. त्यांच्या अ‍ॅनॅलिटिकल इंजिनाची कल्पना म्हणजे पंचकार्डांवर चालणारं, दातेरी चाकांचं गणनयंत्र. त्यावर मेनाब्रिया या इटालियन इंजिनियरने १८४२ साली फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडाने तो इंग्रजीत आणला आणि स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट! तोवर ती तीन मुलांची आई झाली होती. छापताना खाली फक्त आद्याक्षरं.

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढायचा तक्ता आहे. दिलेली माहिती कोणत्या व्हेरिएबलमध्ये, मधली आकडेमोड कुठे, उत्तर कुठे, हे सगळं वर आधीच लिहिलेलं. सुरुवातीची व्हॅल्यूही दिलेली. शिवाय प्रत्येक व्हेरिएबलच्या डोक्यावर एक छोटा आकडा. शून्य म्हणजे अजून रिकामं, एक म्हणजे पहिली व्हॅल्यू आली, दोन म्हणजे ती बदलली. तरीही छापील तक्त्यातल्या चौथ्या पायरीत भागाकार उलटा पडला आहे. म्हणजे डिक्लेअर केल्याने सगळ्या चुका टळत नाहीत, पण मांडणी स्वच्छ असली की चूक सापडते.

आता आपल्याकडे बघा. समजा, निकालाच्या पेजवर एका जागी ‘टोटल’चं ‘टोटाल’ टाईप झालं. पीएचपी थांबत नाही. ते नवं नाव रिकामं समजून बेरजेत शून्य धरतो आणि पास झालेला पोरगा नापास दिसतो! पूर्वी यावर फक्त नोटिस यायची. २०२० च्या पीएचपी ८ पासून वॉर्निंग येते, पण पान पुढे चालतंच. त्याहून वाईट प्रकार ‘रजिस्टर ग्लोबल्स’चा. ते चालू असताना यूआरएलमधूनच व्हेरिएबलला व्हॅल्यू देता यायची. लॉगिनचं व्हेरिएबल आधी ‘फॉल्स’ करून ठेवलं नसेल, तर पासवर्डशिवाय आत! २००२ मध्ये ही सोय बाय डिफॉल्ट बंद झाली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढूनच टाकली. जुन्या एएसपीत ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ ही एक ओळ वर लिहिली, की डिक्लेअर न केलेलं नाव चालतच नसे. पीएचपीत ते काम आपणच करायचं. सुरुवातीची व्हॅल्यू द्या, फॉर्ममधून येणारं ‘इससेट’ने तपासा, आणि कोड लिहिताना सगळे एरर दिसू द्या, दडवू नका.

२७ नोव्हेंबर १८५२ रोजी कॅन्सरने एडा गेली. वय अवघं ३६, वडिलांइतकंच. तिच्या इच्छेप्रमाणे हकनॉल इथे वडिलांशेजारी तिला पुरलं. ते इंजिन बॅबेजच्या हयातीतही पूर्ण झालं नाही. पहिली प्रोग्रामर तीच का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या भाषेला ‘एडा’ नाव दिलं आणि स्टँडर्डचा क्रमांक ठेवला १८१५, तिचं जन्मवर्ष. त्या भाषेत व्हेरिएबल डिक्लेअर केल्याशिवाय प्रोग्राम कंपाईलच होत नाही. यंत्र समोर नसताना एवढी शिस्त तिने पाळली. आपल्यासमोर तर लॅबभर मशिन्स आहेत!