ताराबाईंची कुरणशाळा

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन आला, स्मरणिका काढायची ठरली आणि मलाही काहीतरी लिहायचा आग्रह झाला. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. आजवर लिहिल्या त्या वाण्याच्या याद्या आणि माहेरची पत्रे. तरी या खेपेस मी नाही म्हटले नाही. एका बाईंविषयी मला मनापासून सांगायचे आहे, आणि त्यांच्या निमित्ताने माझी एक चूकही कबूल करायची आहे. त्या बाई म्हणजे कै. ताराबाई मोडक. मंडळाच्या कपाटात अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आहे. दुपारची कामे आटोपल्यावर ते वाचता वाचता मला ताराबाईंची ओळख झाली. मग मिळेल ते आणखी वाचले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेर प्रार्थनासमाजी, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. बाईमाणसाने पदवी घ्यावी हे त्या काळी मोठे नवल. लग्नानंतर त्या अमरावतीस गेल्या. पती वकील होते. पण संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ साली दोघे वेगळे झाले. पदरात लहान मुलगी होती. भगिनींनो, आजही असे पाऊल उचलणाऱ्या बाईला चार तोंडांची चार बोलणी ऐकावी लागतात. तेव्हा काय झाले असेल याची कल्पना करा. ताराबाई राजकोटला गेल्या आणि शिक्षिका तयार करणाऱ्या तेथल्या बार्टन कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

मानाची, पगाराची नोकरी होती. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी वकिली सोडून १९२० मध्ये तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते. तेथे छडी नव्हती आणि बक्षिसाची लालूचही नव्हती. गोष्टी, गाणी, चित्रे, मातीकाम, बागकाम, नाटुकली यांतच मुलांचा दिवस जाई. आपल्याकडे अभ्यास संपवून वेळ उरला तर या गोष्टी करायच्या असतात. शाळेच्या पत्रकातसुद्धा त्यांचे नाव शेवटी येते. गिजुभाई आणि ताराबाई यांनी त्यांना पहिल्या पाटावर बसवले. इटलीच्या डॉ. मॉन्टेसरी यांची पद्धत दोघांनी अभ्यासली आणि आपल्या मुलांना मानवेल अशी करून घेतली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ मासिकातून ताराबाई आईबापांना आणि शिक्षकांना समजेल अशा भाषेत लिहीत राहिल्या. पुढे १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले.

इथवरची मुले बहुतेक सुस्थितीतल्या घरांतली होती. मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. या वयात आपण सुनेच्या हाती किल्ल्या देऊन तीर्थयात्रेचे बेत करू लागतो. त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे दुःख सोसून शिकलेल्या आणि शिक्षिका झालेल्या या बाई पुढे जन्मभर तेथेच राहिल्या.

मॉन्टेसरीची साधने महाग. खेड्यात ती कोठून आणणार? मग शंखशिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने झाली. पैशाचा प्रश्न सुटला, तरी मुले येईनात. गरिबांच्या वस्तीतल्या आयांना सकाळी उठून कामाला जायचे. लेकरांना न्हाऊमाखू घालून बालवाडीत पोचवायला त्यांना सवड कुठली? ताराबाईंनी आयांना नावे ठेवली नाहीत. शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, आणि कोणाच्या तरी अंगणात गाणी-गोष्टी सुरू करायच्या. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारने देशभर बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले. आज ते आपल्या तोंडी आहे, पण त्यामागच्या बाईंची आठवण क्वचित निघते.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. भोवती वारल्यांचे पाडे. तेथली जरा मोठी मुले प्राथमिक शाळेत यायची, पण मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असायचे. ते घरी ठेवायचे कोणाजवळ? म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घेतल्या आणि त्याला विकासवाडी नाव दिले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. राहिली गुराखी मुले. त्यांनी गुरे सोडली तर घरात भाकरीचा प्रश्न. तेव्हा शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरे. पाने, फुले, पाखरे, ओढ्यातले खडे हेच तेथले धडे. या कुरणशाळेचे वर्णन वाचताना माझ्या हातातले पुस्तक खाली राहिले.

कारण मी तिसरीत असताना धाकटा भाऊ झाला आणि आई मजुरीला जाऊ लागली. त्याला कडेवर घेऊन मी शाळेच्या पायरीवर बसत असे. आत पाढे चालत, ते मी बाहेर बसून म्हणत असे. तो रडू लागला की उठून चिंचेखाली जायचे. ते वर्ष तसेच बुडाले. दोष कोणाचाच नव्हता. नंतर सातवी झाले आणि पुढची शाळा लांब म्हणून थांबले. एखादी ताराबाई आमच्या गावात असती तर, असे मनात आले आणि डोळे भरून आले.

आणि त्याच वेळी माझी चूक मला दिसली. आपल्या मंडळाच्या खोलीत दर शनिवारी मी मुलांना गोष्टी सांगते, चिकणमातीची चित्रे करवून घेते. गेल्या पावसाळ्यात समोरच्या बांधकामावरची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर बाळ घेऊन आपल्या पायरीवर येऊन बसे. बाळ रडले, आतल्या मुलांचे लक्ष उडाले, म्हणून मी तिला बाळ झोपवून ये असे सांगून परत पाठवले. ती पुन्हा आली नाही. पायरीवर बसण्याचे दुःख जिला ठाऊक, तिनेच हे केले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत ते काम पुढे नेले.

आता थोडे आपल्या घरचे. शनिवारच्या वर्गाला सुरुवातीला बावीस मुले होती, आता नऊ राहिली. कपडे मळतात, परीक्षा जवळ आल्या, असे काही भगिनी म्हणतात. वर्ग बंद करावा का, हे पुढच्या सभेत ठरणार आहे. माझे मत मी येथेच सांगते. वर्ग चालू ठेवावा आणि रस्त्यापलीकडे, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे भरवावा. आपली नऊ मुले तेथे माझ्याबरोबर येतील. त्या मुलीला मी शोधून काढले आहे. बाळ आता रांगते. त्याच्यासाठी एका कोपऱ्यात गोधडी अंथरावी लागेल. ज्यांच्याकडे जुनी मऊ लुगडी असतील त्यांनी ती माझ्याकडे आणून द्यावीत. शिवायचे काम मी करीन.