सुदुंबऱ्याचा तेली आणि कर्जाचे कागद

मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे संत संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे एक टाळकरी, एवढीच त्यांची ओळख करून दिली जाते. आम्हाला ती अपुरी वाटते.

संताजींचा जन्म १६२४ साली चाकणला, तेल्याच्या घरात झाला. घाणा चालवायचा, तेल विकायचे हा पिढीजात धंदा. धंद्याच्या हिशेबापुरते लिहिणे-वाचणे ते शिकले. हिशेबापुरती अक्षरे शूद्राला चालत. त्याने ज्ञान लिहावे, हे मात्र धर्ममार्तंडांना खपत नव्हते.

चाकणच्या कीर्तनात संताजींना तुकोबा भेटले, असे सांगतात. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. त्यानंतर तुकोबांनी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. कर्जखत घरात असले की शेजारी शेजारी राहत नाही. एक धनको होतो, दुसरा मान खाली घालून चालतो. तुकोबांनी कागदाबरोबर हे नातेच बुडवले.

त्याच इंद्रायणीत पुढे भटशाहीने तुकोबांना अभंगांच्या वह्या बुडवायला लावल्या. वह्या चमत्काराने तरल्या, यावर आमचा विश्वास नाही. लोकांच्या पाठांतराने आणि लिहिणाऱ्या हातांनी त्या तारल्या. त्यांतला एक हात संताजींचा. त्यांच्याच वह्यांवरून वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अस्सल गाथा छापला. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा शिरोभागी तुकोबांचा अभंग होता.

संताजींना मूठमाती देण्याचा शब्द तुकोबांनी पाळला, अशी सुदुंबऱ्याची कथा. चमत्कार बाजूला ठेवला तरी मर्म उरते. मैत्रीतही ऋण असते, पण त्याला व्याज नसते.

१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्यांवर काय लिहिले आहे हे अनेकांना वाचताच येत नव्हते. आजही लग्नापायी, दवाखान्यापायी काढलेल्या कर्जाने आमच्या वस्त्यांत भाऊ भावाला दुरावतो. आणि न वाचता सही करणारे आजही आहेत. तेल्याच्या मुलाने हिशेबाची अक्षरे विचारासाठी वापरली. त्याच्या समाधीवर फूल वाहणाऱ्याने निदान सहीआधी कागद वाचावा आणि घरातल्या मुलीलाही वाचायला लावावा.